सगळ्यांना एकदम रीसेट, की अडलेल्या एकालाच?

आयटूसी बसवरचा, म्हणजे अनेक चिप्सना जोडणाऱ्या दोन वायरींच्या लाइनवरचा, एखादा सेन्सर अडून बसला की प्रोग्राममधून त्याला ताळ्यावर आणायचे दोन रस्ते आहेत. पहिला जनरल कॉल. सगळ्यांना एकत्र हाक मारायच्या शून्य अॅड्रेसवर हेक्समधला ०६ हा बाइट सोडायचा; हा कॉल मानणाऱ्या सगळ्या चिप्स एकदम पॉवर-ऑनच्या स्थितीला येतात. दुसरा, जी चिप अडली तिलाच तिची स्वतःची रीसेट कमांड द्यायची. मी दोन्ही वापरून पाहिले आहेत, तेही घरच्या बागेत.

जालना जिल्ह्यात आमची मोसंबी आहे. ठिबकच्या पेटीत एक अर्दुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) बसवलाय. त्याच्या एकाच बसवर हवेसाठी एसएचटी ३१ आणि बीएमई २८०, जमिनीच्या ओलाव्यासाठी एडीएस १११५, आणि आउटपुट चालू-बंद करायला पीसीए ९६८५. या शेवटच्या चिपच्या पायांवर मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आहेत नि त्यांच्यावर विजेवर उघडणारे सहा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. ही बस फिलिप्सने १९८२ मध्ये काढली ती एकाच सर्किटवरच्या चिप्सनी आपसात बोलावं म्हणून. आम्ही ती वायरीने पेटीबाहेरच्या खांबापर्यंत ओढतो आणि शेजारी मोटारीचा स्टार्टर असतो. त्यामुळे स्टार्टर खटकन ओढला की कधीकधी एसएचटी चुकीचे आकडे देऊ लागायचा.

जनरल कॉल मला तेव्हा फार आवडला होता. तीन ओळींचा कोड, कुठली डेटाशीट उघडायला नको. लागोपाठ तीन रीडिंग चुकली की तो कॉल सुटायचा, आणि बहुतेक वेळा काम भागायचं.

मग एका रात्री दादाचा फोन आला, "अरे, मेन लाइन फुटली, बांधावर पाणीच पाणी झालंय." त्या आठवड्यात लाइट रात्रीची होती. मोटार चालू आणि सहाही व्हॉल्व्ह बंद, पाण्याला जायला वाट नाही. पाइपाचा जॉइंट उडाला. पेटीतला लॉग पाहिला तर तिथं सगळं आलबेल. 'रीसेट यशस्वी, व्हॉल्व्ह ३ चालू.'

झालं होतं ते असं. एसएचटी बिघडला म्हणून प्रोग्रामने जनरल कॉल दिला. पीसीएनेही तो इमानदारीने मानला. रीसेटनंतर ही चिप स्लीपमध्ये जाते आणि तिची सगळी आउटपुट्स बंद होतात. तिनं काही चूक केली नाही. पण प्रोग्रामच्या लेखी व्हॉल्व्ह ३ उघडाच होता, कारण त्यानं तो स्वतः बंद केलेला नव्हता. बरं, 'यशस्वी' हा शेरा तरी कशावरून आला? शून्य अॅड्रेसला अॅक, म्हणजे मिळाल्याची पोच, येतो तो सगळ्यांचा एकत्र येतो. एका चिपनं जरी एसडीए, म्हणजे डेटाची वायर, खाली ओढली तरी मास्टरला (इथे नॅनोला) वाटतं, काम झालं. कोणी ऐकलं, कोणी नाही, हे कळायची सोयच नाही. मला हीच गोष्ट खटकली आणि अजूनही खटकते. जॉइंट दोन तासांत बसवला, पण कोणाचं काय पुसलं गेलं हे न सांगणारी कमांड चालत्या मोटारीबरोबर वापरायची माझी हिंमत झाली नाही.

एकेकाला रीसेट करणं मात्र कटकटीचं आहे, हे मान्य. प्रत्येकाची भाषा वेगळी. एसएचटीला ३०ए२, तेही तो मोकळा असेल तरच. सलग मोजणीवर लावलेला असेल तर आधी ३०९३ देऊन थांबवायचा, मग रीसेट, मग दोन-एक मिलिसेकंद दम धरायचा. बीएमईच्या ई० रजिस्टरमध्ये बी६ लिहायचं. एडीएसला तर स्वतःची रीसेट कमांडच नाही, त्याला जनरल कॉलच कळतो. म्हणून मी त्याचं कॉन्फिग रजिस्टर पुन्हा लिहून भागवतो. पण यात अॅक येतो तो ज्याला बोलावलं त्याचाच, आणि व्हॉल्व्ह जागचे हलत नाहीत.

एखाद्या चिपनं एसडीए खालीच धरून ठेवली असेल तर दोन्ही रस्ते बंद. बोलणं सुरू करायचा स्टार्ट सिग्नलच देता येत नाही तर कमांड जाणार कुठून? तिथं एससीएलवर, म्हणजे क्लॉकच्या वायरवर, नऊ पल्स द्यायच्या. चिप अर्धवट राहिलेला बाइट पुरा करून लाइन सोडते. एससीएलच दबलेली असेल तर चिपचा रीसेटचा पाय वापरायचा, तो नसेल तर वीज तोडण्यावाचून गत्यंतर नाही. तोडताना पुल-अपचाही (लाइन वर धरणाऱ्या रेझिस्टरचाही) पुरवठा तोडा, नाहीतर त्यांच्यातून झिरपणाऱ्या विजेवर चिप अर्धी जागीच राहते.

तुमच्या बसवर नुसते सेन्सर असतील तर जनरल कॉलनं फारसं बिघडणार नाही. नॅनोऐवजी ईएसपी ३२ असेल तर त्यात दोन आयटूसी आहेत, व्हॉल्व्ह दुसरीवर टाकले की पहिलीवर खुशाल वापरा. पण व्हॉल्व्ह, रिले किंवा डॅक (आकड्यावरून व्होल्टेज देणारी चिप) सेन्सरच्याच बसवर असेल तर मी तरी एकेकालाच हाक मारा म्हणेन. जनरल कॉल मी साफ काढून टाकलेला नाही. नॅनो नव्यानं सुरू होतो तेव्हा सगळ्यात आधी तोच देतो. मग पीसीएला झोपेतून उठवून व्हॉल्व्हची स्थिती पुन्हा लिहितो, आणि ते झाल्यावरच स्टार्टरच्या रिलेला परवानगी मिळते.