भिंतीवर न लावलेला 43 इंची टीव्ही

बाहेरगावचा कोणी आमच्याकडे आला की पहिलं हेच विचारतो, "एवढा मोठा टीव्ही घेतलात, मग भिंतीवर का नाही लावलात?" चिपळूणचा माणूस विचारत नाही.

26 जुलै 2005 च्या पुरात आमचा डबा टीव्ही पाण्यात गेला. तो दोघांना मिळूनही हलेना. मग आला 32 इंची चपटा, तो हौसेने भिंतीवर लावला. 22 जुलै 2021 ला पहाटे घरात पाणी शिरलं तेव्हा आमचे हे कमरेएवढ्या पाण्यात, बॅटरी तोंडात धरून ब्रॅकेटचे स्क्रू चाचपत होते. स्क्रू ड्रायव्हर होता टीव्हीखालच्याच खणात, आणि खण पाण्याखाली. शेवटी टीव्ही तिथेच सोडला आणि सगळे माळ्यावर चढलो. पुढची चार वर्षं ओळखीच्यांच्या 24 इंची जुन्या टीव्हीवर काढली. त्यामुळे या खेपेला माझी अट एकच होती. टीव्ही केवढाही असो, मला एकटीला उचलून माळ्यावर नेता आला पाहिजे.

मुलगा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, "आई, 55 इंचीच घे, फरक फार नाही पैशात." मी शिवणकाम करते, इंच मला कोणी शिकवायला नको. टेप घेऊनच दुकानात गेले. 43 इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरकं. पडद्याची रुंदी साडेसदतीस, उंची एकवीस. 32 इंचीच्या मानाने पडदा पावणेदोन पटीहून मोठा झाला. 55 इंची अठ्ठेचाळीस इंच रुंद, तो घेऊन आमच्या जिन्याला वळताच येणार नाही. 43 इंचीचं वजन खोक्यावर पायांशिवाय सात किलोच्या आत लिहिलेलं होतं. तांदळाची दहा किलोची गोणी मी उचलते. ठरलं.

गणपतीत भाव विचारला तेव्हा 29,500 सांगितला होता. 32 इंचाच्या वरच्या टीव्हींवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 ला 28 चा 18 टक्के झाला, नेमका घटस्थापनेच्या दिवशी. घरी वहीत हिशेब मांडून गेले: 29,500 मधून 28 टक्के काढले की मूळ भाव तेवीस हजार सत्तेचाळीस, त्यावर 18 टक्के म्हणजे 27,200 च्या आत. दुकानदार म्हणाला, "वहिनी, तुम्ही पावती पण करूनच आणली असेल." दिला त्या भावाने. 32 इंचीवर आधीपासूनच 18 टक्के होते, त्यामुळे त्याचा भाव जिथल्या तिथे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. पुढच्या दसऱ्यापर्यंत हे मॉडेल दुकानात नसेलच.

दुकानात सगळे टीव्ही समोरून बघतात. सासूबाईंची कॉट आमच्याकडे खिडकीला, म्हणजे टीव्हीच्या अगदी बाजूला. म्हणून मी बाजूला जाऊन उभी राहिले. दोन टीव्ही शेजारी होते, भाव जवळजवळ सारखा. एकाचा काळा रंग समोरून झकास, पण बाजूने सगळं पांढरट, धुऊन विटलेल्या साडीसारखं. दुसऱ्याचा काळा थोडा राखाडी, पण बाजूनेही रंग तेच. विक्रेत्या मुलाने सांगितलं, पहिलं व्हीए पॅनेल, दुसरं आयपीएस. आम्ही दुसरं घेतलं. रात्रीच्या प्रसंगात काळोख जरा करडाच दिसतो, ते चालतं. सासूबाईंना नायिका ओळखू येते, ते महत्त्वाचं.

बसवायला माणूस चौथ्या दिवशी आला. त्याला भिंतच हवी होती, कारण ब्रॅकेटचे पैसे वेगळे. नको म्हटल्यावर पाय लावून दिले आणि तेव्हा माझी चूक उघडी पडली. पडद्याची मापं घेतली, पण पायांमधलं अंतर मोजलंच नव्हतं. दोन्ही पाय दोन टोकांना, मध्ये एकतीस इंच, आणि आमचं टेबल तीस इंची! दोन दिवस टीव्ही कटिंगच्या टेबलावर आणि माझी कापडं जमिनीवर. मग सुताराकडून वर फळी ठोकून घेतली, साडेचारशे रुपये. टीव्ही घेणाऱ्याने आधी पाय मोजावेत.

पहिल्या संध्याकाळी चित्र बघून मी हिरमुसले. आमचा डिशचा बॉक्स साधा, लाल-पांढरी-पिवळी वायरवाला. त्यातून चित्र येतं 576 रेघांचं, आणि या पडद्यात रेघा 2160. ब्लाउजपीस ताणून त्याची साडी करायची म्हटलं तर काय होणार? वृत्तनिवेदक फुगलेले, अक्षरं पुसट. दुकानात जे लखलखीत दिसत होतं ते पेनड्राइव्हवरचं, मोर आणि फुलं. एचडी बॉक्स घेऊन एचडीएमआय वायर लावली तेव्हा टीव्ही नवा वाटला. तो खर्च टीव्हीच्या खर्चातच धरा. शिवाय चित्र 'व्हिव्हिड'वर होतं, सगळ्यांचे चेहरे भडक रंगवल्यासारखे. ते 'सिनेमा'वर नेलं.

खरी परीक्षा 2 नोव्हेंबरला झाली. महिला विश्वचषकाची फायनल, नवी मुंबईत. पावसामुळे सामना पाचला सुरू झाला, आणि आमच्या ओळीतली सगळी मंडळी आमच्याकडे. शेफालीच्या 87 धावा बघताना चेंडूमागे एक भुताटकी शेपूट दिसत होतं. मुलाने फोनवरून सांगितलं, चित्र गुळगुळीत करायची सोय बंद कर. शेपूट बरंच कमी झालं. (त्याच सोयीमुळे जुने सिनेमेही मालिकेसारखे दिसत होते, हे नंतर कळलं.) तरी गंमत राहिलीच. आम्ही वायफायवर बघत होतो, शेजारी डिशवर. मध्यरात्रीच्या सुमारास शेजारून आरडाओरडा झाला, आणि आमच्याकडे दीप्ती अजून चेंडू टाकायला धावतेय! हरमनप्रीतने मागे पळत घेतलेला तो शेवटचा कॅच आम्ही शेजाऱ्यांच्या टाळ्यांनंतर पाहिला. आता मॅच डिशवर, बाकीचं वायफायवर.

मी टीव्ही बघते कमी, ऐकते जास्त. नजर सुईवर, कान मालिकेवर. आणि या टीव्हीचा सगळ्यात मोठा दोष आवाजच. स्पीकर खाली तोंड करून, सगळा आवाज फळीवर आपटतो. पार्श्वसंगीत धो धो आणि बोलणं गुळमुळीत. मशीन चालू असताना तर सासूने सुनेला काय ठणकावलं ते मला आमच्या सासूबाईंनाच विचारावं लागायचं, आणि त्या सांगताना आपलं मतही घालायच्या. मुलाचे कॉम्प्युटरचे जुने स्पीकर हेडफोनच्या भोकात लावले आणि प्रश्न मिटला. 27,000 च्या टीव्हीला ही वेळ यायला नको होती.

रिमोटवर आकडे नाहीत. अ‍ॅपची चार बटणं आहेत, पण एक ते नऊ नाहीत! सासूबाईंचं वय 81, त्यांना सह्याद्रीच्या सातच्या बातम्या लागतात. टीव्ही लावला की आधी सिनेमांच्या जाहिरातींचं पान उघडायचं आणि त्या हाका मारायच्या. सेटिंगमध्ये शोधून, लावल्याबरोबर थेट डिशच येईल असं केलं. आता त्यांच्याकडे डिशचा रिमोट, आकड्यांवर नेलपॉलिशचे ठिपके. टीव्हीचा रिमोट माझ्या कात्रीच्या डब्यात.

चार महिन्यांनी 'जागा अपुरी' असं येऊ लागलं. आठ जीबीतली निम्मी जागा टीव्ही स्वतःच खातो. न लागणारी अ‍ॅप काढली, पुन्हा येईल तेव्हा पुन्हा काढू. दुपारी खिडकी आणि मशीनचा दिवा दोन्ही पडद्यात दिसतात. खिडकीला पडदा लावला, मिटलं.

मे महिन्यात वळिवाच्या विजा सुरू झाल्या तेव्हा प्लगबरोबर डिशची वायरही काढायची सवय केली. त्याच आठवड्यात रंगीत तालीम घेतली. ह्यांच्या हातात घड्याळ, मी टीव्हीपाशी. प्लग, एचडीएमआय, स्पीकर अशा तीन वायरी. पडद्याला अंगठा न लावता खालून आणि बाजूने धरायचा, उभाच न्यायचा, आडवा नाही. जुन्या दुलईत गुंडाळून जिना चढले. माळ्यावर रिकामं खोकं थर्मोकोलसकट ठेवलेलंच आहे. चार मिनिटं वीस सेकंद. मी घामाघूम, हे खूश.

खाली कॉटवरून सासूबाई म्हणाल्या, "आणि माझा नंबर कितवा?"