घरपोच आलेलं इन्सुलिन आणि अण्णांची न उतरणारी शुगर

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत एक तरुण ज्येष्ठांना औषधं आणून द्यायचा. घरपोच सेवा, वर वीस टक्के सूट. गोड बोलायचा, पिशव्या वर आणून द्यायचा. माझे सासरे, आमचे अण्णा, त्याच्याकडून इन्सुलिन घ्यायला लागले. बिल म्हणून हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळायची. त्यावर ना दुकानाचा लायसन्स नंबर, ना बॅच नंबर.

एप्रिलपासून अण्णांची उपाशीपोटीची शुगर २५० च्या खाली येईना. सगळ्यांनी आधी त्यांच्यावरच संशय घेतला. आंब्याचा मोसम, चोरून खात असतील! त्यांनी फोडीला हात लावला नव्हता. ‘मी खोटं बोलतोय का?’ असं त्यांनी एकदा विचारलं आणि मग जेवणच कमी केलं. याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

डॉक्टर डोस वाढवणार होते, पण त्याआधी त्यांनी इन्सुलिन टोचायचं पेन आणि खोकं घेऊन बोलावलं. अण्णांचं इन्सुलिन ग्लार्जिन प्रकारचं, ते पाण्यासारखं नितळ असायला हवं. डॉक्टरांनी कार्ट्रिज, म्हणजे पेनमधली इन्सुलिनची काचेची नळी, ट्यूबलाइटसमोर धरलं, तर आत गढूळपणा आणि बारीक धाग्यांसारखं काहीतरी तरंगत होतं. खोक्यावरचा बॅच नंबर एक, कार्ट्रिजवरचा दुसरा. एक्सपायरीची तारीख असलेला लेबलचा कोपरा घासलेला, आणि खोक्याची कड उघडून पुन्हा डिंकाने चिकटवलेली. जुना माल नव्या खोक्यात भरला होता.

डॉक्टर म्हणाले, ‘यावर डोस वाढवला असता आणि पुढच्या महिन्यात चांगलं इन्सुलिन आलं असतं, तर शुगर एकदम खाली जाऊन हे बेशुद्ध पडले असते.’ त्या तरुणाचा फोन तेव्हापासून बंद आहे.

सगळंच गढूळ इन्सुलिन खराब नसतं, हेही सांगायला हवं. मिक्स्ड प्रकारचं हलवल्यावर दुधासारखं दिसतं, ते बरोबरच आहे. त्यात गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरा थर चिकटला, तर वापरू नका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. ते गोठलं तरी वाया जातं, म्हणून फ्रीझरला चिकटून ठेवू नका. आमच्याकडे ते साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, भर उन्हातून यायचं.

गोळ्यांचंही तसंच. रंग बदललेला, डाग, कडा भुरभुरलेल्या, कॅप्सूल एकमेकांना चिकटलेल्या, अॅस्पिरिनला व्हिनेगरसारखा आंबट वास, हे दिसलं तर थांबा. मात्र बनावट गोळी दिसायला हुबेहूब असू शकते, तिची खात्री प्रयोगशाळेतच होते. १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन करा, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण कोडही छापून घेता येतो. बॅच नंबर आणि एक्सपायरी स्कॅनमध्ये, खोक्यावर आणि स्ट्रिपवर, तिन्ही ठिकाणी जुळतात का पाहा. स्ट्रिप कापून देत असतील तर बॅच आणि तारीख असलेला तुकडा मागून घ्या. पक्कं बिल हवंच. अण्णांच्या त्या चिठ्ठीवरून माल कुठून आला हे आजही शोधता येत नाही.

शंका आली तर औषध स्वतःहून बंद करू नका, विशेषतः शुगर, बीपी, फिट्सचं. डॉक्टरांना दाखवा आणि लायसन्स असलेल्या दुकानातून दुसरं आणा. संशयित औषध खोक्यासकट जपून ठेवा, इन्सुलिन असेल तर फ्रीजमध्येच. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या नंबरवर करता येते. शिवाय १९४० च्या औषध कायद्याच्या कलम २६ नुसार कोणीही ग्राहक शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेऊ शकतो. आम्ही एक न वापरलेलं कार्ट्रिज तपासणीसाठी दिलं आहे. आमच्या सोसायटीत त्या तरुणाकडून औषधं घेतलेल्या प्रत्येकाने आजच खोकी उघडून नंबर जुळवून पाहावेत, आणि जुळले नाहीत तर माझ्यासोबत तक्रारीला यावं.