बेळगावच्या टिळकवाडीतला संध्याकाळचा इंग्रजी वर्ग: नोकरदारांनी लावावा असा

शाळेत शिकलेलं इंग्रजी व्याकरण बऱ्यापैकी लक्षात आहे, पण 'नाही' किती जोरात म्हणायचं आणि 'हो' किती खात्रीनं, हे जमत नाही, अशांनी हा वर्ग जरूर लावावा. अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची असेल तर इथं पैसे घालू नका, मागं पडाल.

मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) डिस्पॅच खात्यात काम करते. कास्टिंग कधी निघणार, मशीनिंग कुठवर आलं, हे परदेशातल्या गिऱ्हाइकांना कळवायचं. कॅन, कुड, विल, मे, मस्ट यांच्याशिवाय असा एकही मेल होत नाही, आणि नुसती तीच येऊन भागतही नाही. 'वी विल डिस्पॅच ऑन मंडे' म्हटलं की आपण शब्द दिला. 'वी विल प्रॉबेबली डिस्पॅच ऑन मंडे' म्हटलं की तो अंदाज झाला. पहिलं वाक्य वाचून समोरचा माणूस जहाजात जागा धरून ठेवतो. म्हणून ही सहायक क्रियापदं आणि त्यांच्या शेजारची क्रियाविशेषणं जोडीनं शिकवणारा वर्ग मी शोधत होते. इथल्या आरपीडी क्रॉस चौकाच्या आसपास पाट्या पुष्कळ आहेत, पण तसं शिकवणारा मला हा एकच मिळाला.

शिकवणाऱ्या मॅडम धारवाडकडच्या. घरची भाषा कन्नड, मराठी अगदी सहज बोलतात. वर्गातही निम्मे मराठी, निम्मे कन्नड. आपण सगळे एकाच ठिकाणी का अडखळतो, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात दाखवलं. 'उद्या नक्की पाठवीन' यात 'नक्की' क्रियापदाच्या आधी येतं आणि पुढचा सगळा भार 'पाठवीन'च्या शेवटावर असतो. कन्नडातलं 'बरबहुदु' (येऊ शकेल) तसंच, शक्यता शब्दाच्या शेपटाला. इंग्रजीत मात्र विल वेगळं, सेंड वेगळं, आणि क्रियाविशेषणाची नेहमीची जागा या दोघांच्या मधे: 'आय विल डेफिनेटली सेंड इट', 'यू शुड ऑल्वेज चेक द ड्रॉइंग'. 'आय डेफिनेटली विल' चूक नाही, पण तिथं विलवर जोर येतो, कुणी शंका घेतली तर उत्तर द्यावं तसा. हा फरक मला आजवर कुणीच सांगितला नव्हता.

नकार आला की जागा पालटते. 'आय विल प्रॉबेबली कम', पण 'आय प्रॉबेबली वोन्ट कम'. विल नॉट सुटं ठेवलं तर प्रॉबेबली मधे बसतं, वोन्ट केलं की आधी जातं. हे नियम म्हणून पाठ केलं तर आठवड्यात विसरतं. मॅडम ते पाठ करायला लावत नाहीत, शेजारच्याला रविवारचं आमंत्रण द्यायला लावतात आणि त्यानं ते टाळायचं.

सगळ्यात मोलाचा तास रिअली आणि जस्ट यांचा. 'आय रिअली कान्ट टेक धिस ऑर्डर' हा ठाम नकार, पुढं बोलणं नाही. 'आय कान्ट रिअली टेक धिस ऑर्डर' म्हणजे अवघड आहे, पण दार जरा उघडं आहे. शब्द तेच, जागा बदलली. 'आय जस्ट कान्ट साइन धिस' म्हणजे मला सही करणं शक्यच नाही. 'आय कान्ट जस्ट साइन धिस' म्हणजे न वाचता अशी नुसती सही कशी करू? कारखान्यात इन्स्पेक्शनच्या कागदावर रोज सह्या होतात, तिथं हे दुसरं वाक्य प्रत्येकाला यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पॉसिब्लीही तसंच. 'कुड यू पॉसिब्ली सेंड द रिव्हाइज्ड ड्रॉइंग?' ही फार नम्र विनंती, आणि 'आय कान्ट पॉसिब्ली अॅग्री' म्हणजे मान्य होणं अशक्य. 'इट माइट वेल बी लेट' यातलं वेल चांगलं या अर्थाचं नाही, ते शक्यता वाढवतं, उशीर होण्याचा संभव बराच आहे असं सांगतं. हार्डलीत नकार आधीच आहे, म्हणून 'कॅन हार्डली' म्हणायचं, 'कान्ट हार्डली' नाही. मस्टशेजारी शुअरली शोभतं, माइटशेजारी पॉसिब्ली. अंदाजाचा ('असणारच' या अर्थाचा) मस्ट आणि पॉसिब्ली एकत्र आणले की खात्री आणि शंका एकमेकींना खाऊन टाकतात.

आता उणिवा. एकापुढं एक सहायक क्रियापदं येतात तो भाग एका संध्याकाळीत उरकला. तिथं 'द पार्ट्स शुड ऑलरेडी हॅव अराइव्ह्ड' एवढंच बरोबर म्हणून शिकवलं. 'शुड हॅव ऑलरेडी अराइव्ह्ड' हेही सर्रास वापरतात आणि बरोबर आहे, ते सांगायला हवं होतं. आमच्यासारख्यांना हीच वाक्यं रोज लागतात, त्यांना निदान तीन तास द्यावेत. दुसरं, 'यू रिअली शुड' मधला शुडवरचा जोर कानानं ऐकल्याशिवाय कळत नाही आणि वर्गात ध्वनिफीत ऐकवण्याची काहीच सोय नाही. पुस्तिकेतली उदाहरणं बर्फाची आणि लंडनच्या रेल्वेची. त्याऐवजी खानापूरची बस चुकलेला माणूस, दवाखान्यातली रांग, बँकेतलं कर्जाचं बोलणं घातलं तर वाक्यं तोंडात लवकर बसतील.

फी महिन्याला १५०० रुपये, दोन हप्त्यांत घेतात. वेळ संध्याकाळी साडेसहा ते आठ, त्यामुळं दुसऱ्या पाळीच्या माणसाला हा वर्ग मिळतच नाही. मी याबद्दल दोनदा सांगितलं आहे, तुम्हीही विचारा, मागणी वाढली तर सकाळची तुकडी काढू म्हणाल्या आहेत. निपाणी, चिकोडीकडून येणाऱ्यांनी रविवारची तुकडी धरावी. ती साडेअकराला सुटते, परतीची बस आरामात मिळते. नाव घालताना पुस्तिका उघडून बघा: जुनी आवृत्ती अजून वाटतात आणि तिच्यात नकाराबरोबरच्या प्रॉबेबलीचा धडा नाही. नवी मागितली की देतात, वेगळे पैसे घेत नाहीत.