केवळ शिक्षेवरचे अपील : मोफत विधी साहाय्याचा अनुभव

शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत माझ्या पुतण्याला सत्र न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम 326 (धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत) खाली सात वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. उच्च न्यायालयात खासगी वकील देण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून त्याने तुरुंगातूनच अपील केले आणि विधी सेवा समितीने पॅनेलवरील एका वकीलबाईंची नेमणूक केली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते, त्यामुळे दाखल्यांसाठी खेटे घालावे लागले नाहीत.

जखमीची साक्ष भक्कम असल्याने दोषसिद्धी टिकेल, लढायचे ते शिक्षेच्या प्रमाणावर, हे बाईंनी निकालपत्र वाचताच स्पष्ट सांगितले. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकणे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 235(2) प्रमाणे आवश्यक होते. निकालपत्रात मात्र त्या सुनावणीला जेमतेम चार ओळी होत्या, आणि त्याचे वय, पहिलाच गुन्हा, आयत्या वेळी उसळलेले भांडण यांपैकी कशाचाही विचार झालेला दिसत नव्हता. बाईंनी तुरुंगातील वर्तणुकीचा अहवाल मागवला, कोयत्याचा वार एकच होता हे वैद्यकीय पुराव्यातून दाखवले आणि सारा युक्तिवाद तेवढ्यावरच केंद्रित केला. न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा भोगलेल्या कैदेइतकी केली व जखमीला भरपाई देण्याचा आदेश दिला. ती भरपाई मला रास्त वाटते, कारण त्या शेजाऱ्याच्या हाताची मूठ आजही नीट वळत नाही.

अपील केले तर शिक्षा वाढेल, या भीतीने अनेक कुटुंबे मागे हटतात. आरोपीच्याच अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. त्यासाठी साधारणपणे सरकारला स्वतंत्र अपील करावे लागते आणि आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते.

उणीव एकच, पण मोठी आहे. वकील कोण नेमला, खालच्या न्यायालयाचे कागद आले का, पुढची तारीख कोणती, हे घरच्यांना कोणी आपणहून कळवत नाही, आणि ते कळवण्याची व्यवस्था व्हायलाच हवी.

वकिलीच्या दर्जाबद्दल मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साधारणपणे 60 दिवसांची असते आणि कैदेची शिक्षा झालेल्याला निकालपत्राची प्रत विनामूल्य मिळते, ती त्याच दिवशी मागून घ्यावी.