लुई आर्मस्ट्राँगचं घर: एका निवृत्त बँडवाल्याचा अभिप्राय

“शनिवारी कोरोनाला जायचंय,” असं लेकीने जाहीर केलं तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आधी पदर तोंडाला लावला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कोरोना नावाची वस्तीच आहे, आजार यायच्या कितीतरी आधीपासूनची. ७ नंबरची ट्रेन पकडायची, १०३ स्ट्रीट-कोरोना प्लाझाला उतरायचं आणि थोडं चालायचं. १०७ व्या स्ट्रीटवर साध्या घरांच्या ओळीत विटांचं एक दुमजली घर लागतं. जगातला सगळ्यात मोठा ट्रम्पेटवाला इथे अठ्ठावीस वर्षं राहिला, हे पाटी वाचल्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

मी कोण ते सांगतो, म्हणजे हा अभिप्राय किती मनावर घ्यायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी एक्केचाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवली. वराती, मिरवणुका, विसर्जन, क्वचित कुणाची अंत्ययात्रा. जॅझमधलं, म्हणजे लुई वाजवायचा त्या संगीतातलं, मला फार कळत नाही. पण पितळेच्या नळीत फुंकून पोट भरणं म्हणजे काय, ते कळतं. लुईची एक जुनी कॅसेट आमच्या बँडमास्तरांकडे होती. टेप अडकेपर्यंत आम्ही ती ऐकली आणि मग पेन्सिल घालून गुंडाळून पुन्हा ऐकली.

घर आतून बघायचं तर वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं. ते लेकीने ऑनलाइन काढलं. थोडेथोडे लोक एका मार्गदर्शकाबरोबर आत जातात. घर लहान आहे, त्यामुळे हे बरोबरच आहे. वरातीसारखी गर्दी आत सोडली तर कुणाला काही दिसणार नाही.

आत शिरण्याआधी बाहेरच्या पायऱ्यांवर जरा थांबा, कारण खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. १९४३ साली हे घर बायकोने, म्हणजे लुसिलने, घेतलं तेव्हा लुई दौऱ्यावर होता. त्याने घर बघितलंही नव्हतं. पत्ता घेऊन तो टॅक्सीने आला आणि एवढं मोठं घर आपलं असेल यावर त्याचा विश्वासच बसेना. टॅक्सीवाला थट्टा करतोय असं त्याला वाटलं. मग त्याने टॅक्सी उभीच ठेवायला सांगितली आणि जाऊन दार वाजवलं. ही आठवण त्याने स्वतःच सांगून ठेवली आहे. तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता, जगभर नाव झालेला. पण लहानपणी ज्याने घर म्हणून एकच खोली बघितलेली असते, तो स्वतःच्या दारातही परतीची सोय ठेवून उभा राहतो. मी माझा वन बीएचके घेतला तेव्हा पहिले दोन महिने जुनी खोली सोडली नव्हती, भाडं भरत होतो. बायको अजून त्यावरून बोलते.

आतलं घर थाटाचं आहे, पण तो थाट राजवाड्याचा नाही, हौसेचा आहे. निळ्या-हिरव्या चकचकीत कपाटांचं स्वयंपाकघर बघून सौभाग्यवती दारातच थबकल्या. सहा बर्नरची शेगडी त्यांनी दोनदा मोजली. न्हाणीघरात आरसेच आरसे आणि सोनेरी नळ. लेक हळूच म्हणाली, “जरा जास्तच झालंय ना, बाबा?” मी म्हटलं, ज्याने लहानपणी सार्वजनिक नळावर बादली घेऊन रांग लावली असेल, त्याला विचार नळ सोन्याचा का हवा. लुईने तशी रांग लावली होती का, मला ठाऊक नाही. मी लावली होती.

वरच्या मजल्यावर त्याची अभ्यासाची खोली आहे. भिंतीवर गायक टोनी बेनेटने काढलेलं त्याचं चित्र आहे, टेबलापाशी मोठ्या चकत्यांचे टेपरेकॉर्डर आहेत. या माणसाला घरातलं सगळं ध्वनिमुद्रित करून ठेवायचा नाद होता. १९५० च्या अखेरीस टेपरेकॉर्डर घेतला आणि मग शेकडो टेपा भरल्या. त्यांच्या खोक्यांवर फोटो आणि कात्रणं कापून, चिकटपट्टीने चिकटवून स्वतःच चित्रं बनवली. मार्गदर्शक खोल्या दाखवता दाखवता त्या टेपांचे तुकडे ऐकवतात. कुठे तो जेवतोय, कुठे मित्रांशी गप्पा मारतोय आणि एका ठिकाणी ट्रम्पेटचा सराव करतोय.

त्या सरावाजवळ मी अडकलो. सराव म्हणजे मैफल नव्हे. समोर कुणी नाही, टाळी नाही, सुपारी नाही. पैसा मिळवून झाला, नाव झालं, सोनेरी नळ लागले, तरी हा माणूस घरात बसून ओठ गरम करतोय. आमच्यात मास्तर म्हणायचे, एक दिवस वाजवलं नाही तर मला कळतं, दोन दिवस नाही तर बँडला कळतं, तीन दिवस नाही तर नवरदेवाच्या घोड्याला कळतं. ट्रम्पेट हे फार कृतघ्न वाद्य आहे. हार्मोनियम महिनाभर झाकून ठेवली तरी पट्टी दाबली की सूर देते. ट्रम्पेटचा निम्मा भाग तुमच्या ओठांचा असतो, आणि ओठ रोज नव्याने तयार करावे लागतात. माउथपीसची धातूची कड वर्षानुवर्षं एकाच जागी दाबली की मांस मरतं. लुईचे ओठ अनेकदा फाटले, १९३० च्या दशकात त्यापायी त्याला काही काळ वाजवणंही थांबवावं लागलं. ओठांचा स्नायू फाटण्याच्या दुखण्याला डॉक्टर लोक त्याच्याच टोपणनावाने ‘सॅचमो सिंड्रोम’ म्हणतात.

रस्त्याच्या पलीकडे २०२३ साली उघडलेली नवी इमारत आहे, तिथे प्रदर्शन आहे. घरानंतर तिकडे जाच, पाय दुखत असले तरी. लेक मला इंग्रजीतून मराठीत सांगत होती, आणि बरंचसं त्याचं लहानपण मला तिथेच बाकावर बसून कळलं.

न्यू ऑर्लिन्समध्ये जन्म, बाप लवकरच सोडून गेलेला, आई मिळेल ते काम करणारी. सातेक वर्षांचा असताना तो कार्नोफ्स्की नावाच्या ज्यू कुटुंबाच्या गाडीवर राबायचा. भंगार गोळा करायचं, कोळसा विकायचा. गिऱ्हाइकांना कळावं म्हणून गाडीवर बसून पत्र्याचा भोंगा फुंकायचा. म्हणजे पहिलं वाद्य भंगारवाल्याची पिपाणी! पुढे गहाणवटीच्या दुकानात त्याला एक जुनं कॉर्नेट दिसलं. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं बुटकं भावंड. किंमत ५ डॉलर. कार्नोफ्स्कींनी २ डॉलर उचल दिली आणि बाकीचे त्याने आठवड्याला अर्धा डॉलर बाजूला टाकून फेडले. मी तिथे बसून हिशेब केला: सहा आठवडे. माझी पहिली ट्रम्पेट मालकाची होती, तिचे पैसे मजुरीतून दोन लग्नसराया कापले गेले. फिटले कधी ते मालकाने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या कुटुंबाची आठवण म्हणून लुई गळ्यात डेव्हिडचा तारा घालायचा, असं सांगतात. बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमधला, गळ्यात ज्यूंचा तारा. हे ऐकून सौभाग्यवतींनी माझ्याकडे बघितलं, कारण माझ्या गळ्यात तुळशीची माळ आणि खिशात आमच्या क्लॅरिनेटवाल्या चाचांनी दिलेला ताईत असतो. ज्याने पडत्या काळात हात दिला त्याची खूण अंगावर ठेवायची, एवढीच आमच्यासारख्यांची श्रद्धा. खंडेनवमीला मी ट्रम्पेटला हळद-कुंकू वाहतो तेव्हा चाचा शेजारी क्लॅरिनेट ठेवायचे.

३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री अकरा वर्षांच्या लुईने सावत्र बापाचं पिस्तूल हवेत उडवलं आणि पोलिसांनी उचलून त्याला काळ्या मुलांच्या सुधारगृहात टाकलं. तिथे पीटर डेव्हिस नावाचे बँड शिकवणारे मास्तर होते. त्यांना हा पोरगा आधी वाया गेलेलाच वाटला. म्हणून पहिल्यांदा हातात आलं ते डफलीसारखं टॅम्बुरीन. मग ड्रम, ऑल्टो हॉर्न, बिगुल आणि सगळ्यात शेवटी कॉर्नेट. मग बँडचा म्होरक्याही तोच. हे मला खरं वाटतं. चांगला मास्तर पहिल्या दिवशी ट्रम्पेट देत नाही. मलाही वर्षभर नुसती खुळखुळ्यांची जोडी आणि डोक्यावर गॅसबत्ती होती.

एक गंमत. लुई आयुष्यभर आपला जन्म ४ जुलै १९०० चा सांगायचा, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा. तो गेल्यावर चर्चच्या नोंदीत सापडलं की खरी तारीख ४ ऑगस्ट १९०१. लेकीला हे फार नवलाचं वाटलं. मला नाही. माझ्या दाखल्यावर १ जून आहे, माझ्या दोन्ही भावांच्याही आहे, आणि आमच्या बँडमधल्या निम्म्या लोकांच्या आहे. गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली. गरिबाच्या पोराला वाढदिवस कुणीतरी नेमून द्यावा लागतो. लुईने निदान फटाक्यांचा दिवस तरी मिळवला.

मार्च १९७१ मध्ये डॉक्टर नको म्हणत असताना त्याने वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात दोन आठवडे वाजवलं. ६ जुलैला याच घरात झोपेत गेला. ती झोपण्याची खोली बघताना मी टोपी काढली, का ते मला सांगता येणार नाही.

जाणाऱ्यांसाठी: तिकीट आधी काढा, कारण घरात एका वेळी थोडेच लोक घेतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर वरच्या मजल्याचा जिना आहे हे लक्षात ठेवा. मार्गदर्शकांचं इंग्रजी भराभर असतं, ती त्यांची रोजची भाषा आहे. बरोबर लेक किंवा नातवंड असू द्या. नव्या इमारतीला वेगळा तासभर ठेवा. माझ्याकडून पाचपैकी पाच.

निघताना मार्गदर्शक मुलीने लेकीला विचारलं, तुझे बाबा त्या सरावाच्या तुकड्याजवळ इतका वेळ का थांबले, वाजवतात का? लेक सांगू लागली, पण मीच पुढे झालो आणि वरच्या ओठावरची गोल खूण बोटाने दाखवली. मुलीने जवळ येऊन बघितलं. मग ती आत गेली आणि तो सरावाचा तुकडा पुन्हा लावला.