नागपुरात सायकल : अकरा महिने आणि गट्टूंची फट

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास सायकल घेतली. मानेवाड्याचं घर ते सिव्हिल लाइन्सचं ऑफिस, एकीकडून साधारण साडेआठ किलोमीटर. स्कूटर विकलेली नाही, त्यामुळे हे त्यागाचं पुराण समजू नका. सात गिअरची हायब्रिड, १८,५०० रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इथे कंपनीपेक्षा टायर किती रुंद ते आधी बघावं. हे मला पडल्यावर कळलं.

आपल्याकडचे बरेच मोठे रस्ते आता सिमेंटचे झालेत. मधला भाग गुळगुळीत, कडेला गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक. सिमेंट आणि गट्टू जिथे भेटतात तिथे एक फट राहते, कुठे बोटभर, कुठे दोन बोटं. गट्टू खचले असतील तर सिमेंटची कड इंच-दीड इंच वर येते. स्कूटरवरून दहा वर्षं याच रस्त्याने गेले, ही फट कधी दिसली नाही. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी पाऊस पडून गेला होता, फट पाण्याखाली होती, मागून ट्रॅव्हल्सच्या बसचा हॉर्न. मी गुणी मुलीसारखी बाजूला झाले आणि पुढचं चाक थेट फटीत. मनगट आठवडाभर सुजलेलं. रिम सरळ करायला नेली तर पंक्चरवाले काका चाकाकडे न बघताच म्हणाले, "गट्टूत फसली ना? बारीक टायर आहे ताई. इथं फसतेच."

टायर ३२ मिलिमीटरचे होते. आता ४० चे टाकलेत. मडगार्ड किंचित वाकवून घ्यावे लागले, पण फ्रेममध्ये बसले. वेग थोडा गेला असेल. मला जाणवत नाही. हवा मात्र दर रविवारी बघते.

त्याहून मोठा बदल म्हणजे कड सोडली. आता त्या फटीपासून दोन-अडीच फूट आत चालवते. आधी वाटायचं, आपण कोणाच्या तरी मार्गात येतोय. पण कडेला चिकटून चालवलं की कारवाले त्याच पट्ट्यातून आपल्याला घासून पुढे काढतात. थोडं आत राहिलं की त्यांना बाजूने वळून जावंच लागतं. हॉर्न वाजतात, "साइडनं चालवा ना मॅडम!" हे ऐकावं लागतं. ऐकते.

वेळेचा हिशोब असा की ८:४५ ला निघाले तर ३५ मिनिटं, ९:३० ला निघाले तर पन्नास आणि डोकं फिरलेलं. मेडिकल चौकापर्यंत ठीक. बस स्टँडजवळ ऑटो कुठूनही, कसाही वळतो. लोहापुलाखाली रेल्वेमार्गामुळे रस्ता खोलगट आहे, पावसात पाणी साचतं. जोराची सर आली असेल तर मी तिथे जातच नाही. बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, शनिवारी संध्याकाळी सायकल हातात धरून चालणं जास्त जलद. आणि मग झिरो माइल ओलांडून सिव्हिल लाइन्सची झाडं लागली की तेवढा एक-दीड किलोमीटर अख्ख्या शहराला माफ करावंसं वाटतं.

गिअरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शहर बहुतेक सपाट. सातांपैकी मी तीन वापरते. सेमिनरी हिल्सला रोज जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

आता ऊन. सगळे तेच विचारतात. एप्रिलच्या मध्यापर्यंत सकाळ सहज निभते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेल्यावर मी मोजून नऊ दिवस सायकल नेली. सकाळी सातला निघायचं, ऑफिसात पंख्याखाली बसायचं. त्रास सकाळचा नाही, संध्याकाळी सहाचा आहे. तोवर सिमेंटचा रस्ता दिवसभर तापलेला असतो आणि उष्णता खालून येते. ओला दुपट्टा तोंडाला बांधून निघाले तर मेडिकल चौक येईपर्यंत कडक वाळलेला. सासूबाई पिशवीत कांदा टाकायच्या, ऊन लागू नये म्हणून. कांद्याने काय होतं त्यांनाच ठाऊक. घरी पोचल्यावरच्या पन्ह्याचे उपकार मात्र मी मानते. उरलेला मे स्कूटरवर काढला, त्याची लाज नाही. सायकल उन्हात ठेवू नका. माझ्या सीटचं वरचं आवरण उन्हानेच फाटलं.

ऑफिसात सायकलसाठी जागा नाही. स्कूटरच्या रांगेत लावायची, परत येताना कोणीतरी तिच्यावर आपली गाडी रेलवलेली. मागचा लाल दिवा एकदा चोरीला गेला, तेव्हापासून काढून पर्समध्ये ठेवते. सहकारी अजूनही विचारतात, "गाडी बिघडली का मॅडम?" रात्री नऊनंतर मानेवाड्याच्या गल्लीतली कुत्री मागे लागतात. पळवू नका. उतरून दहा पावलं चाला, त्यांचा रस निघून जातो.

मेट्रोत सायकल नेता येते, हे मला सहा महिन्यांनी कळलं. आता बहीण खापरीला असल्यामुळे मी तिच्याकडे बर्डीहून ऑरेंज लाइनने जाते. लिफ्टमध्ये सायकल उभी करून बसवावी लागते. वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रोतले आपण. खालची रांग बघताना थोडा दुष्ट आनंद होतो.

खर्च : तीन ट्यूब, दोन टायर, एक रिम, एकदा ब्रेकचे रबर. पावसाळ्यात रबर लवकर झिजतात. आधीपासून एक जोडी घरी ठेवा.

गेल्या आठवड्यात तुकडोजी पुतळ्याजवळ गट्टू उखडून नवे बसवत होते. सायकल उभी करून वाकून पाहिलं. सिमेंट आणि गट्टूच्या मधे पुन्हा फट. दोन बोटं जातात. मग सायकलच फटीजवळ आणून पुढचं चाक वरून टेकवून बघितलं. ४० चं टायर वरच अडतं. गट्टू बसवणारा पोरगा विचारत होता, "काही पडलं का तुमचं?"