'द निगोशिएटर' की 'इफ आय रन'? ख्रिश्चन रोमँटिक सस्पेन्समधलं आधी कुठलं घ्यायचं

ख्रिश्चन रोमँटिक सस्पेन्स वाचायचंय, सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं की लोक धडाधड दहा-बारा नावं टाकतात आणि विचारणारा बिचारा आणखीनच गोंधळतो. म्हणून मी मुद्दाम दोनच पुस्तकं समोरासमोर ठेवतेय, डी हेंडरसनचं 'द निगोशिएटर' (2000) आणि टेरी ब्लॅकस्टॉकचं 'इफ आय रन' (2016). डॅनी पेट्रीचं 'सबमर्ज्ड' (2012) पण येईल मधे, कारण काही जणांना खरं तर तेच हवं असतं, फक्त त्यांना ते माहीत नसतं. खुनी कोण, शेवटी काय होतं वगैरे काही फोडणार नाहीये, निर्धास्त वाचा.

या प्रकारात गुन्हा, प्रेम आणि विश्वास असे तीन धागे असतात हे बहुतेकांना माहितीये. पण पुस्तक निवडताना सगळे पहिल्या दोनांवर बोलतात, सस्पेन्स किती, रोमान्स किती, आणि तिसऱ्याचं काय विचारलं तर 'जास्त उपदेश नाहीये' एवढंच सांगून मोकळे होतात. मला वाटतं निवड तिसऱ्यावरच करावी. माझी कसोटी अशी की कथेतून प्रार्थना, बायबल, चर्च सगळं काढून टाकलं तर काय उरतं? गोष्ट जशीच्या तशी धावत राहिली तर ते साधं थ्रिलर आहे, वरून थोडी प्रार्थना भुरभुरवलेलं. आणि गोष्ट कोसळली तर मग लेखिकेने खरंच काहीतरी विणलंय.

'द निगोशिएटर' या कसोटीवर सरळ पास होतं. केट ओमॅली शिकागो पोलिसांत ओलीस सोडवणारी निगोशिएटर आहे, आणि सुरुवातच अशी की बँकेत एक माणूस स्फोटकं घेऊन बसलाय, आत ओलीस अडकलेत, आणि ही बाई आत जाते आणि अगदी गप्पा मारायला आल्यासारखी बोलायला लागते. आवाज चढत नाही, घाई नाही, जणू दिवसभर दुसरं काही कामच नाहीये. ओलिसांमध्ये एफबीआयचा डेव्ह रिचमन आहे आणि त्याला कळतच नाही की ही बाई एवढी निवांत कशी काय बसू शकते, वाचणाऱ्यालाही तोच प्रश्न पडतो, आणि पुस्तक हळूहळू त्याचं उत्तर देतं की हा निवांतपणा म्हणजे धाडस कमी आणि स्वतःचा जीव फारसा मोलाचा न वाटणं जास्त. हा एक प्रसंग वाचलात की पुस्तक आपलं आहे का नाही ते कळतं. इथे अडकला नाहीत तर पुढे अडकणार नाही.

मग एका विमानात स्फोट होतो आणि तपासाचा धागा फिरत फिरत केटच्या स्वतःच्या भूतकाळाकडे यायला लागतो. आता डेव्ह विश्वासू ख्रिश्चन, केट नाही. त्याला ती आवडते पण विश्वास न ठेवणाऱ्याशी विजोड जोडी करू नये हे बायबलमधल्या, पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायातलं सांगणं तो मनावर घेतो, त्यामुळे पाऊल पुढे टाकता येत नाही. ही युक्ती या प्रकारात पन्नास पुस्तकांत सापडेल, आणि बहुतेक ठिकाणी शेवटच्या वीस पानांत नायिका फटकन विश्वास ठेवते आणि लग्न लागतं, मला त्याचा भयंकर कंटाळा येतो. हेंडरसनने एक वेगळी गोष्ट केलीये. केटचा प्रश्न बौद्धिक नाहीये, तो तिच्या नोकरीतून आलाय. देव न्यायी असेल तर दयाळू कसा, आणि दयाळू असेल तर ज्यांचं वाटोळं झालं त्यांच्या न्यायाचं काय? रोज गुन्हेगारांशी बोलणारी बाई हा प्रश्न विचारते तेव्हा तो पोकळ वाटत नाही, आणि गुन्ह्याचा तपास जिथे जाऊन पोचतो तिथे नेमका हाच प्रश्न तिच्या समोर हाडामांसाचा होऊन उभा राहतो. म्हणजे विश्वासाचा धागा काढला तर प्रेमकथा तर जातेच, पण सस्पेन्सचाही अर्धा जोर जातो.

आणि ओमॅली कुटुंब, ज्यांच्या मालिकेतलं हे पहिलं पुस्तक! सात अनाथ मुलं, एकाच अनाथाश्रमात भेटलेली, मोठी झाल्यावर ठरवून एकच आडनाव घेतलेली. रक्ताचं नातं नाही पण एकाला काही झालं की बाकीचे सहा हजर. यूएस मार्शल, फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्ट, फायरमन, पॅरामेडिक, सगळ्यांचे धंदे असे की लेखिकेला पुढच्या पुस्तकांसाठी संकट शोधायला लांब जावंच लागत नाही. 😄 त्यातली सगळ्यात धाकटी जेनिफर डॉक्टर आहे, तिला कॅन्सर निघतो, आणि सगळ्यांत आधी विश्वासात तीच आलेली असते. तिचं आजारपण मालिकाभर मागे चालू राहतं. मला विचाराल तर लोक ही मालिका खुनांसाठी नाही तर या भावंडांसाठी परत परत वाचतात. प्रत्येकाचा देवाशी असलेला वाद वेगळा आहे, लिसा मृतदेहांची तपासणी करते तर तिचं घोडं पुनरुत्थानावर, म्हणजे येशू मेल्यानंतर परत उठला यावर अडतं, आणि यापेक्षा चपखल काय असणार.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. संवाद कधी कधी फार गोड होतात, भावंडांची चिडवाचिडवी पानभर चालते. डेव्ह जरा जास्तच परफेक्ट आहे, श्रीमंत, देखणा, समजूतदार, प्रार्थना करणारा, अरे एखादा तरी दुर्गुण द्या त्याला. आणि पुस्तक 2000 सालचं आहे हे जाणवतं, पेजर वाजतात, आणि विमानातल्या बॉम्बची गोष्ट 2001 च्या सप्टेंबरच्या आधी लिहिलेली असल्यामुळे विमानतळाच्या सुरक्षेबद्दलचं वातावरणच वेगळं आहे. मला ते खपलं, सगळ्यांना खपेलच असं नाही.

आता 'इफ आय रन'. केसी कॉक्सचा मित्र ब्रेंट याचा खून झालाय, जागेवर सगळीकडे तिचे ठसे, तिचा डीएनए, आणि ती पोलिसांकडे जात नाही, पळते. का पळते त्याला कारण आहे, तिचे वडील पोलीस होते, त्यांचा मृत्यू आत्महत्या म्हणून फाईलबंद झाला आणि तिचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही. तिच्या मागे ब्रेंटच्या घरच्यांनी डिलन रॉबर्ट्सला पाठवलंय, सैन्यातला माजी तपास अधिकारी, युद्धावरून पीटीएसडी (आघातानंतर मनाला जडणारा आजार) घेऊन परतलेला, ब्रेंटचा लहानपणापासूनचा दोस्त. प्रकरणं आलटून पालटून, एकदा तिच्या तोंडून एकदा त्याच्या, आणि सगळं वर्तमानकाळात, त्यामुळे दम घ्यायला जागा मिळत नाही.

ब्लॅकस्टॉकची मजा पळण्याच्या बारीकसारीक तपशिलात आहे. बसचं तिकीट कुठलं काढायचं, केसांचं काय करायचं, फोन कुठला वापरायचा, नवीन नावाने नोकरी मागताना चेहऱ्यावर काय ठेवायचं. केसी काही तयारीची गुन्हेगार नाही, ती डोक्याने पळते आणि मधेच मनाने चुकते, कारण दुसऱ्याची अडचण दिसली की तिला गप्प बसवत नाही. लपून राहायचं असलेल्या माणसाने जे अजिबात करू नये तेच ती करते, एका बेपत्ता मुलीच्या भानगडीत नाक खुपसते, आणि तिथून पुस्तक दुपटीने वेग घेतं. डिलनची गोची अशी की जिला खुनी समजून शोधायला निघालाय तिच्या प्रत्येक मुक्कामावर त्याला तिच्या चांगुलपणाच्याच खुणा सापडतात. खुनी बाई असं वागते का? हा प्रश्न त्याला जितका छळतो तितकं आपल्याला पानं उलटत राहावंसं वाटतं.

पण माझ्या कसोटीचं काय? प्रामाणिकपणे सांगायचं तर तीन भागांतल्या या पहिल्या भागातून विश्वासाचा धागा काढला तरी पाठलाग उभा राहतो, थोडा लंगडेल पण राहतो. डिलन विश्वासू आहे, केसी नाही, तिला वाटेत भेटणारी माणसं देवाबद्दल बोलतात, बी पडतं, पण झाड इथे दिसत नाही, त्यासाठी पुढचे दोन भाग आहेत. हीच गोष्ट एखाद्याला उणीव वाटेल आणि एखाद्याला वरदान. ज्यांना उपदेशाची अॅलर्जी आहे, किंवा जे ख्रिश्चन नाहीत आणि नुसतं एक स्वच्छ, शिवीगाळ नसलेलं थ्रिलर शोधतायत, त्यांच्यासाठी हेच दार बरोबर आहे.

रोमान्सच्या बाबतीत मात्र सावध करते. पहिल्या भागात नायक-नायिका जवळजवळ भेटतच नाहीत! एकजण पळतंय, एकजण मागावर आहे, जे काही ओढ वगैरे आहे ते अंतरावरून. ब्लॅकस्टॉकने आधी टेरी हेरिंग्टन या नावाने साध्या, धार्मिक नसलेल्या रोमान्स कादंबऱ्या लिहिल्यात, म्हणजे तिला जमत नाही म्हणून रोमान्स कमी आहे असं अजिबात नाही, तिने तो मुद्दाम दाबून धरलाय. पण मुखपृष्ठ बघून प्रेमकथा समजून घेतलंत तर तुम्ही चिडाल. आणि दुसरं, शेवट अधांतरी आहे. गोष्ट एक आहे आणि ती तीन पुस्तकांत पसरलीये, 'इफ आय रन', 'इफ आय एम फाउंड' (2017), 'इफ आय लिव्ह' (2018). एकच वाचून थांबण्याचा पर्याय विसरा. 'द निगोशिएटर'मध्ये तसं नाही, गुन्हा त्याच पुस्तकात मिटतो, जोडी त्याच पुस्तकात जुळते, पुढे नाही वाचलं तरी चालतं, जेनिफरची काळजी सोडली तर.

मनाला काय झेपेल तेही बघून घ्या, स्वच्छ पुस्तक म्हणजे हलकं पुस्तक असं नसतं. दोन्हीत बेडरूमच्या आत काही नेत नाहीत, पण 'इफ आय रन'मध्ये वडिलांच्या मृत्यूचा आणि डांबून ठेवलेल्या मुलीचा विषय आहे, डिलनचे युद्धाचे झटके आहेत. 'द निगोशिएटर'मध्ये विमानातली माणसं मरतात आणि केटच्या लहानपणीचा छळ येतो. घरात कोणी कॅन्सरशी झगडत असेल तर ओमॅली मालिका सध्या नका घेऊ, पुस्तकं कुठे पळून जात नाहीत.

'सबमर्ज्ड' कोणासाठी? ज्यांना प्रेम आधी आणि सस्पेन्स नंतर हवाय त्यांच्यासाठी. अलास्कातलं यान्सी नावाचं काल्पनिक गाव, बेली क्रेग शाळकरी वयात केलेल्या चुकांमुळे बदनाम होऊन तिथून निघून गेलेली, आता मावशीच्या अंत्यविधीसाठी परत आलीये, आणि समोर कोल मॅकेना, जुनं प्रेम, गोताखोर. मावशी गेली ते छोटं विमान समुद्रात कोसळलं तो अपघात नव्हता असं निघतं, अलास्का रशियाकडे होतं त्या काळातल्या इतिहासाचा एक धागा येतो, बर्फाळ पाण्याखालची दृश्यं मस्त आहेत. पण पुस्तकाचं खरं पोट वेगळंच आहे: देवाने क्षमा केली हे बेलीला मान्य आहे, गावाने केली नाही आणि तिने स्वतःला केली नाही, मग पुढे जगायचं कसं? पश्चात्तापाचा हा भाग मला तिन्हीत सगळ्यात खरा वाटला. खलनायक मात्र सगळ्यात कच्चा, सस्पेन्सवाल्यांना लवकर वास लागेल.

हे तिन्ही जड वाटत असेल, दोन बैठकांत संपणारं काहीतरी हवं असेल तर हार्लेक्विनची 'लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स' नावाची मालिकाच आहे, साधारण 55,000 शब्दांची आटोपशीर पुस्तकं, साचा ठरलेला, पहिल्या पानापासून कोणीतरी जिवावर उठलेलं. प्रवासात ठीक. विश्वासाच्या धाग्याला तिथे मुरायला जागा कमी मिळते हे गृहीत धरा.

तर निवड अशी करा. रोमान्स वाचत आलात आणि देवाबद्दलचे प्रश्न पात्रांनी खरोखर विचारलेले आवडत असतील तर 'द निगोशिएटर', डोळे झाकून. थ्रिलर वाचत आलात, प्रेम उशिरा आलं तरी चालेल आणि तीन पुस्तकांची तयारी आहे तर 'इफ आय रन', पण तिन्ही एकदम जवळ ठेवूनच सुरू करा. बुक क्लबसाठी निवडत असाल तर मी तरीही 'द निगोशिएटर'च म्हणेन, कारण न्याय आणि दया यावर लोक तासभर भांडू शकतात आणि 'इफ आय रन'वर चर्चा शेवटी 'पुढे काय होतं' एवढ्यावरच येते.

अजून एक, ओमॅलींच्या आधीचं 'डेंजर इन द शॅडोज' (1999) आधी वाचायचं का असं बरेच जण विचारतात. ती डेव्हच्या बहिणीची, सेराची गोष्ट. 'द निगोशिएटर' आधी वाचलंत तर सेराचं पुढे भलं झालं एवढं कळून जातं, पण रोमान्समध्ये ते तसंही माहीतच असतं. मी तरी ते नंतरसाठी ठेवायला सांगेन, केटला आधी भेटा.